वनौषधिसंग्रहासाठी घडीव सुरी : सुश्रुतोक्त कसोट्या आणि आजचा लोहार

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चिकित्सेच्या चार पादांपैकी द्रव्याचा विचार आपण रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव यांच्या अंगाने करतो. ते द्रव्य ज्या पात्याने वनस्पतीपासून वेगळे केले जाते, त्या पात्याचा विचार मात्र क्वचितच होतो. फार्मसीत यंत्रे घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. संग्राहकाच्या हातातील सुरी कोणती, हे आपल्याला बहुधा ठाऊकही नसते. स्वतः वनौषधी गोळा करणारे वैद्य व संग्राहकांकडून माल घेणारे फार्मसीचालक या दोघांनाही उपयोगी पडेल असा हा विषय असल्याने प्रस्तुत लेखात त्याची मांडणी केली आहे.

सुरीवर काय अवलंबून आहे?

कुटज, अर्जुन, अशोक, वरुण यांची त्वचा हे औषधी अंग. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवती सालीचे पूर्ण कडे निघाले की मुळांची उपासमार होते व झाड काही काळाने वाळते. म्हणून पक्व फांदीवर दोन उभे छेद घेऊन त्यांमधली अरुंद पट्टी अलगद सोडवणे ही योग्य रीत आहे. त्यासाठी पाते सालीच्या जाडीइतकेच आत जाऊन थांबले पाहिजे. बोथट पाते थांबत नाही. त्यावर जोर द्यावा लागतो, ते घसरते, साल फाटते आणि लाकडापर्यंत घाव जातो. अशा जखमेत बुरशी व कीड शिरते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या कुटजत्वचेत लाकडाचे कपचे बरेच होते. संग्राहकाने भेसळ केली असावी, असा पहिला ग्रह झाला. चौकशीअंती त्याचा कोयता साध्या लोखंडी पट्टीचा निघाला. सकाळी लावलेली धार तासाभरात जाई आणि मग तो साल सोलण्याऐवजी तोडत असे. त्याला चांगली सुरी घडवून दिल्यावर पुढच्या हंगामात कपचे जवळजवळ दिसेनासे झाले. द्रव्याची शुद्धता, झाडाचे आयुष्य आणि काढणाऱ्याचा हात या तिन्ही गोष्टी एका पात्याशी बांधलेल्या आहेत.

शास्त्राधार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठवा अध्याय, शस्त्रावचारणीय, शल्यकर्मासाठी असला तरी कोणतेही पाते पारखण्यास तो आजही पुरा पडतो. उत्तम शस्त्राची संपत् तेथे सहा प्रकारची सांगितली आहे : सुग्रह, सुलोह, सुधार, सुरूप, सुसमाहितमुखाग्र आणि अकराल. दोष आठ : वक्र, कुण्ठ, खण्ड, खरधार, अतिस्थूल, अतितुच्छ, अतिदीर्घ आणि अतिह्रस्व. यांपैकी खरधारता फक्त करपत्रास, म्हणजे करवतीस, क्षम्य मानली आहे. शस्त्रे शुद्ध लोहाची असावीत व आपल्या कामात निष्णात अशा कर्माराकडून करवून घ्यावीत, असाही निर्देश आहे. तयार वस्तू उचलण्यापेक्षा कारागिराशी बोलून घडवून घेणे त्यात गृहीत आहे.

सुलोह : धातू कोणता?

पोलादातील कर्बाच्या प्रमाणावर धार टिकणे अवलंबून असते. साध्या बांधकामी लोखंडात कर्ब सुमारे 0.2 टक्के असतो. ते कितीही तापवून विझवले तरी पुरेसे कठीण होत नाही. मोटारीच्या कमानीच्या पाट्यात तो 0.5 ते 0.6 टक्के असतो. आपल्याकडील बहुतेक लोहार चांगल्या अवजारासाठी हाच पाटा वापरतात आणि संग्राहकाच्या सुरीस तो योग्य आहे. जुना पाटा असल्यास त्यात बारीक चीर नाही ना, हे कारागिराला पाहण्यास सांगावे.

अशा पोलादास गंज चढतो. शिवाय हरीतकी, बिभीतक, आमलकी, खदिर, अर्जुन ही कषायरसयुक्त द्रव्ये लोखंडाच्या स्पर्शाने काळवंडतात, कारण त्यांतील टॅनिन व लोह यांचा संयोग होतो. चरकसंहितेतील रसायनप्रयोगात त्रिफळेचा कल्क नव्या लोहपात्रास हेतुपूर्वक लेपतात. तेथे लोहाचा संयोग अभिप्रेत आहे. आवळा चिरताना तो अभिप्रेत नाही. म्हणून रानात कर्बयुक्त पोलादाची घडीव सुरी आणि फार्मसीतील चिरण्याच्या कामास स्टेनलेस स्टीलची सुरी, अशी विभागणी ठेवावी.

पायना : पाणी पाजणे

सुश्रुताचार्यांनी क्षार, उदक व तैल अशी त्रिविध पायना सांगितली आहे. आपला लोहार आजही पात्याला ‘पाणी पाजतो’. क्रिया तीच आहे आणि शब्दामागची कल्पनाही तीच. पाते तापवून लाल-नारिंगी झाले की एकदम विझवतात. कमानीच्या पाट्यास पाण्यात तडा जाण्याचा धोका असतो, म्हणून तेलात विझवणे श्रेयस्कर. विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. त्यामुळे ते पुन्हा मंद तापवावे लागते. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात : सुमारे 220 अंश सेल्सिअसला गवती पिवळा, 260 च्या आसपास तपकिरी, 300 जवळ निळा. सुरीस पिवळ्या-तपकिरीवर थांबावे. फांद्या तोडण्याच्या कोयत्यास आघात सोसायचा असल्याने त्याला निळ्यापर्यंत नेले तरी चालते. “दुसऱ्यांदा किती तापवता?” हा एक प्रश्न विचारावा. जाणता कारागीर उत्तर रंगात देतो.

सुरूप व सुग्रह : माप आणि मूठ

साल व वेलींसाठी पात्याची लांबी 10 ते 12 सेंटिमीटर आणि पाठीकडची जाडी 3 ते 4 मिलिमीटर पुरेशी होते. रानातील कामास ‘बुशक्राफ्ट’ म्हणणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींचा अनुभवही असाच आहे. इंग्लंडमधील ॲलन वुड या स्वतंत्र कारागिराने रे मिअर्स यांच्यासाठी घडवलेल्या प्रसिद्ध ‘वुडलोअर’ सुरीचे पाते सुमारे 11 सेंटिमीटर लांब व 4 मिलिमीटर जाड आहे. अतिदीर्घ व अतिह्रस्व हे दोष टाळले की माप इथेच येऊन ठरते.

मुठीत शिरणारा पात्याचा भाग मुठीच्या टोकापर्यंत अखंड असावा व रिबिटांनी पक्का केलेला असावा. मूठ शिसव किंवा बाभळीची, घोटीव पण गुळगुळीत पॉलिश नसलेली हवी; घामाने व चिकाने ओल्या झालेल्या हातात पॉलिश केलेली मूठ फिरते. जो सुरी वापरणार, त्याचा हात लोहाराला दाखवावा. हे बाजारातील खोक्यात मिळत नाही.

सुधार : धार व तिची परीक्षा

भेदनास मसुराएवढी, लेखनास अर्धमसुराएवढी, व्यधन व विस्रावणास केसाएवढी आणि छेदनास अर्ध्या केसाएवढी धार, असे संहितेचे मान आहे. कर्मानुसार धार बदलते, हे त्यातील सूत्र. सालीच्या सुरीस दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंशांचा कोन ठेवावा. कोयत्यास 35 ते 40. सुरी घेण्यापूर्वी पुढील परीक्षा तेथेच कराव्यात.

1. पाते डोळ्यासमोर धरून टोकाकडे पाहावे. वक्रता लगेच दिसते.
2. धारेलगत कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाणी चढले आहे. सहज चावली तर पाते मऊ आहे.
3. वाळलेल्या बांबूचे दहा-बारा काप काढावेत. नंतर धारेवर खाच पडली तर पाते ठिसूळ, धार मुडपली तर मऊ.
4. शेवटी रोमच्छेद. ही कसोटी संहितेतीलच आहे.

वापर व निगा

सुरीने मुळे खणू नयेत; त्यासाठी कुदळ व पहार आहे. स्नुही, अर्क, भल्लातक, वत्सनाभ यांसाठी वेगळी सुरी ठेवून तिच्या मुठीस लाल रंग द्यावा. रोगट झाडानंतर पाते स्पिरिटने पुसावे. घरी आल्यावर धुऊन, कोरडे करून तिळाचे तेल लावावे व म्यानाबाहेर ठेवावे. चामड्याच्या म्यानात ओल राहते व गंज धरतो. दगडावर धार थोडी थोडी, पण वारंवार लावावी. यंत्राच्या चाकावर पाते तापून निळे पडले तर तेवढ्या भागाचे पाणी उतरते.

शस्त्र नियम 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे नियंत्रणाखाली येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगाची अवजारे त्यातून वगळली आहेत. तरीही कोयता प्रवासात गुंडाळून, अवजारांच्या पिशवीतच न्यावा.

कारागिराशी व्यवहार

बलुतेदारीतील गावचा लोहार असो वा रस्त्याकडेला भाता लावणारा घिसाडी कारागीर, पेरणीपूर्वी त्याला शेतीच्या अवजारांतून उसंत नसते. त्वचा, कंद व क्षीर यांचा संग्रहकाल शरद ऋतू सांगितला आहे. पेरण्या आटोपल्यावर, श्रावणात काम सांगितले तर ते निवांतपणे होते व सुरी वेळेवर हाती येते. एक सुरी आधी करवून हंगामभर वापरावी, उणिवा त्याला सांगाव्यात आणि मग बाकीच्या घ्याव्यात. भावात फार ताणू नये. घाईत उरकलेले दुसरे तापवणे डोळ्यांना दिसत नाही, ते झाडाला व हाताला कळते. फार्मसीचालकांनी आपल्या प्रत्येक संग्राहकास अशी एक सुरी द्यावी आणि कच्च्या मालाच्या तपासणीत सालीला चिकटलेल्या लाकडाची नोंद ठेवावी. पात्याची धार कशी आहे, हे त्या नोंदीतून घरबसल्या समजते.