पायाच्या मापाचे चाक

सायकल घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी जांघेपासून टाचेपर्यंत प्रथम मोजावी आणि त्या मोजणीबरहुकूम चाकाचा व्यास मुक्रर करावा, हा प्रघात आज कोणास चमत्कारिक वाटला तर नवल नाही. परंतु १८७० नंतरची जवळजवळ दोन दशके इंग्लंड-अमेरिकेतील सायकलींचा व्यापार बव्हंशी याच प्रघातावर चालला होता. पुढचे चाक प्रौढ पुरुषाच्या छातीला भिडेल एवढे, मागचे जेमतेम हातभर, आणि त्या प्रचंड पुढच्या चाकाच्या माथ्यावर चामड्याच्या लहानशा खोगिरावर आरूढ झालेला स्वार, असे त्या वाहनाचे रूप होते. विनोदी चित्रांनी आणि सर्कशीतील विदूषकांनी या रूपाची इतकी थट्टा करून ठेवली आहे की, ते कोणा विक्षिप्त कारागिराच्या लहरीतून जन्मले असावे, असा सार्वत्रिक समज झाला आहे. वस्तुतः इतके तर्कशुद्ध यंत्र त्या शतकात विरळा. आणि त्याच्या स्वारीतील मौजही त्या तर्कशुद्धतेतूनच उगम पावते, असे माझे मत आहे.

त्या सायकलीस साखळी नव्हती. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले, म्हणजे पायांचा एक फेरा तो चाकाचा एक फेरा. चाक ३६ इंचांचे असेल, तर एका फेऱ्यास गाडी नऊ फुटांहून थोडी अधिक सरकते. ५० इंचांचे केले की तेच अंतर तेरा फूट होते, आणि ६० इंचांचे केले की साडेपंधरा फुटांच्या पुढे जाते. वेग वाढविण्याचा दुसरा मार्गच उपलब्ध नसल्यामुळे चाक वाढत गेले, आणि पाय पेडलपर्यंत पोहोचेनासे झाले तेथे ते थांबले. उंच मनुष्य ६० इंची चाक मिरवीत असे. ठेंगण्यास ४८ इंचांवर समाधान मानणे भाग पडे.

एवढे मोठे चाक लाकडाचे करावे तर ते हलविण्यातच स्वाराची शक्ती खर्ची पडावी. आपल्या बैलगाडीच्या चाकात भार तुंब्याकडून खालच्या आऱ्यांवर येतो व ते आरे तो खांबांप्रमाणे तोलून धरतात. म्हणून ते जाड असावे लागतात. पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९ मध्ये ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले आणि हा सारा हिशेबच उलटा केला: बारीक तारांनी रिमला सर्व बाजूंनी तुंब्याकडे ओढून धरावयाचे आणि त्या ताणाच्या बळावर भार पेलावयाचा. इंग्लंडात हे तत्त्व फलद्रूप केले ते कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने. ससेक्समधील शेतकऱ्याचा हा मुलगा घर सोडून लंडनजवळ जॉन पेन नामक सागरी इंजिनांच्या कारखानदाराकडे माळी म्हणून राहिला. मालकाच्या घरचे शिवणयंत्र बिघडले असता त्याने ते दुरुस्त केले, आणि त्या निमित्ताने उघड झालेले त्याचे यंत्रज्ञान त्याला अखेर कव्हेंट्रीच्या शिवणयंत्रांच्या कारखान्यात घेऊन गेले. त्याच कारखान्याने १८६९ मध्ये सायकली करावयास घेतल्या. १८७० मध्ये स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ या सायकलीचे पेटंट मिळविले, आणि १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तुंब्यातून सरळ न काढता स्पर्शरेषेत, एकमेकींना छेद देत, बसविण्याची युक्ती काढली. आज पुण्यातील किंवा सांगलीतील कोणतीही साधी सायकल पाहावी. तिच्या चाकात तारांची तीच वीण दिसेल.

या वाहनावर चढणे हाच एक संस्कार होता. मागच्या चाकाच्या थोडे वर, डाव्या अंगास, एक लहानशी पायरी असे. हँडल दोन्ही हातांनी धरून डावा पाय तिच्यावर ठेवावयाचा, उजव्याने जमिनीस रेटे देत गाडीला गती द्यावयाची, आणि गती आली की शरीर उचलून खोगिरावर न्यावयाचे व फिरत्या पेडलांना पायांनी गाठावयाचे. तेथून पुढे जमिनीशी संबंध तुटला: थांबून पाय टेकण्याची सोय नाही, आणि पाय स्वस्थ ठेवून गाडी आपोआप जाऊ देण्याचीही नाही, कारण चाक फिरते तोवर पेडलही फिरणारच. ज्या चाकाला पाय रेटतात तेच हातांनी वळवावयाचे असल्यामुळे पायाचा प्रत्येक दाब चाकाला एका बाजूस ओढू पाहतो व हातांना त्याचे निवारण करावे लागते. अशा रीतीने सारे शरीर त्या गतीत गुंतून जाते. मोठे चाक सुरू होण्यास आळशी, पण एकदा चालू लागले की थांबण्यासही तितकेच नाखूष; लहान खळग्यांत ते उतरत नाही, त्यांच्यावरून निघून जाते; आणि पादचाऱ्यास न दिसणारी कुंपणापलीकडची शेते स्वारापुढे उलगडत जातात. साखळी, गिअर, फ्रीव्हील या मध्यस्थांनी आपल्याला सुखसोयी पुष्कळ दिल्या. पण वेगाचा अव्यवहित, कोणा अडत्यावाचूनचा अनुभव काढून घेतला तोही त्यांनीच.

या अनुभवाचा मोबदला पडण्याच्या रूपाने चुकवावा लागे. स्वाराचे वजन आसाच्या किंचितच मागे असल्यामुळे दगड आडवा आला वा ब्रेक जोराने दाबला गेला की चाक अडे आणि सायकल स्वारासह पुढे उलटे. मांड्या हँडलखाली अडकलेल्या, म्हणून डोकेच प्रथम जमिनीस लागे. अनुभवी स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकीत: पडणे अटळच असेल तर ते पायांवर व्हावे, एवढीच तजवीज. मार्क ट्वेनने ५० इंची गाडीवर धडे घेऊन लिहिलेला वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १९१७ मध्ये, ग्रंथात समाविष्ट झाला. ज्या बाजूस तोल जातो त्याच बाजूस चाक वळवावे, या नियमाविरुद्ध बुद्धी आणि शरीर कसे बंड करून उठतात, हे त्याने ज्या मिस्किलपणे सांगितले आहे त्यास तोड नाही.

आणि तशाच ५० इंची कोलंबिया सायकलीवर टॉमस स्टीव्हन्स नावाचा, इंग्लंडात जन्मून अमेरिकेत गेलेला तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोजवळून पूर्वेकडे निघाला. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि रात्री तंबू व अंथरूण या दोहोंचे काम देणारा पावसाळी कोट. रस्ते असे फारसे नव्हतेच. रेल्वेचे रूळ आणि गाडीवाटा धरून, बराच मार्ग सायकल हातात घेऊन पायी तुडवीत, तो ४ ऑगस्टला बोस्टनला पोहोचला. पुढल्या वर्षी इंग्लंडातून निघून युरोप व तुर्कस्तानचा मुलूख ओलांडून त्याने तेहरानात हिवाळा काढला; अफगाण अंमलदारांनी त्याला अटकाव करून परत इराणात धाडले, तेव्हा निरुपायाने समुद्रमार्गे तो कराचीस आला, आणि १८८६ मध्ये लाहोरहून दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, काशी असा दरमजल करीत कलकत्त्यास गेला. मुंबई-पुण्याकडे तो फिरकला नाही, याची मला उगाचच हळहळ वाटते. बोरघाटाच्या उतारावर त्याने पाय हँडलवर टाकले असते की तो मुकाट्याने खाली उतरला असता, हे आता कोण सांगणार! चीनमधून जपानात जाऊन १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे त्याची स्वारी संपली, तेव्हा सुमारे १३,५०० मैल मागे पडले होते.

स्टीव्हन्स वाटेत असतानाच त्याचे वाहन कालबाह्य होऊ लागले होते. जेम्स स्टार्लीचाच पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ काढली. तिची साखळी मागच्या चाकाला होती, त्यामुळे वेगासाठी चाक वाढविण्याचे कारण उरले नाही. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि गचक्यांवरचा इलाज म्हणूनही मोठ्या चाकाची निकड उरली नाही. २८ इंची चाकाला पुढे ४८ आणि मागे १८ दाते दिले, तर ती गाडी एका फेऱ्यास जवळजवळ ७५ इंची चाकाइतकी धावते, आणि तेवढ्या चाकास पुरतील असे पाय घेऊन कोणी जन्मास येत नाही. इंग्लंड-अमेरिकेतील पुष्कळ सायकलस्वार आजही गिअर इंचांत सांगतात, ते याच हिशेबाने.

तरीही मोठ्या चाकाचा वंश खुंटला नाही. टास्मानियातील इव्हनडेल या गावी १९८३ पासून फेब्रुवारीत त्याच्या शर्यती होत आल्या आहेत. जॉफ समरफील्ड या इंग्रजाने स्वतः बांधलेल्या मोठ्या चाकाच्या सायकलीवरून २००६ ते २००८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. दुसरीकडे, एकचाकी सायकलींसाठी निघालेला ३६ इंची टायर हाती येताच काही कारागिरांनी साखळी कायम ठेवून दोन्ही चाके त्या मापाची केली. असाधारण उंचीच्या माणसाला बाजारातली सायकल खेळण्यातली वाटते. तिच्यावर त्याचे गुडघे हँडलला लागतात. सात फूट एक इंच उंचीचा बास्केटबॉलपटू शकील ओनील याने कॅलिफोर्नियातील ‘डर्टीसिक्सर’ कंपनीची ३६ इंची गाडी घेतली, ती याचसाठी. अशा चाकासाठी फ्रेम लांबवावी लागते, तारा खास लांबीच्या घ्याव्या लागतात, आणि पंक्चर काढणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्या मापाची ट्यूब मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते. मोटारीच्या मागच्या कप्प्यात तर हे चाक मावेलच, याची हमी कोणी देऊ नये.