अम्मींची कॅसेट आणि अब्बांचा सेट

१९८६ साली अब्बांनी अकोल्याहून एक अॅम्प्लिफायर, एक टेपडेक आणि लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर एसटीच्या टपावर बांधून मंगरुळपीरला आणले. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. १ जुलै १९९८ पर्यंत आपण अकोल्यातच मोडत होतो आणि मोठी खरेदी म्हणजे अकोला, हे ठरलेले. दादा हयात कलंदर यांच्या उर्सात घेतलेल्या कव्वाल्या, रफीसाहेबांची गाणी, बिस्मिल्ला खाँची शहनाई या सेटवर वाजायची. अजान सुरू झाली की सेट बंद, हा घरचा नियम. अम्मींना मात्र त्या पेट्यांचा रागच होता, कारण त्यांवरची धूळ त्यांनाच पुसावी लागे.

सेट बंद पडला एका पावसाळी वादळात. बाहेर तुटली ती न्यूट्रलची तार. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४००च्या आसपास. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जोडली जातात आणि ज्या बाजूला कमी उपकरणे चालू असतील तिथले व्होल्टेज ३००च्या वर चढते. त्या रात्री आमच्याकडे एक बल्ब आणि सेट, एवढेच चालू होते. बल्ब पांढराफेक होऊन फुटला, अॅम्प्लिफायरमधून जळका वास आला. सेट माळ्यावर गेला. पुढे मोबाइल आले आणि कोणी त्याची आठवण काढली नाही.

आठवण निघाली ती मामूंच्या कॅसेटमुळे. मामू जेद्दाला नोकरीला होते. तेव्हा परदेशी फोन परवडत नसे, म्हणून पुष्कळ घरांतून पत्राऐवजी कॅसेट जायची. अम्मींनीही एकदा बोलून पाठवली होती. मामू परतताना ती घेऊन आले आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाला ती ट्रंकेत सापडली. अम्मींना जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. त्यांचा आवाज आमच्यापैकी कोणाकडेही नव्हता.

आम्ही घाईने एक जुना छोटा टेप मागून आणला आणि अब्बांपुढे लावला. जड, ओढलेला आवाज आला. अब्बांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “ये तुम्हारी अम्मी नहीं है.” त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, ऐकूही कमी येते. पण चूक त्यांची नव्हती. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकली पाहिजे. आतला रबरी पट्टा सैल झाला की वेग उतरतो आणि बाईचा आवाज पुरुषासारखा होतो. तेव्हाच ठरवले, अब्बांचाच सेट उतरवायचा.

मुलांचे म्हणणे वेगळे होते. दुकानात ‘५००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेला चमकदार होम थिएटर होता. आम्ही पेटी उलटी करून मागचा कागद वाचला: वीज खाणार ६० वॅट. साठ खाऊन पाच हजार देणारे यंत्र असेल तर आपल्या शेतकऱ्यांना पंपासाठी रात्री जागावेच लागले नसते! खरेदी करताना आरएमएस वॅट विचारावे. बैठकीच्या खोलीला दर बाजूला २०-३० वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल.

वर्षानुवर्षे बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नये. आतले कपॅसिटर वाळलेले असतात. आमच्या मिस्त्रींनी ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला, कपॅसिटर बदलले आणि पहिल्यांदा सेट चालू केला तो १०० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून, सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट.

मग घरच्या विजेकडे वळलो. मीटर लावून पाहिले तर रब्बीच्या दिवसांत संध्याकाळी १८५, पहाटे २४५. स्टॅबिलायझर घेतला, पण दुकानदाराला कमी व्होल्टेजबद्दल विचारलेच नाही. विचारले ते हेच, की व्होल्टेज फार चढले तर हा पुरवठा तोडतो का? वादळाने शिकवले होते.

अर्थिंगची कथा तर लाजिरवाणी आहे. भिंतीत तीन भोकांचा सॉकेट होता, वरच्या भोकाला तारच नव्हती. नवा पाइप पुरला. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालतो. एवढे करून स्पीकरमधून घूंऽ असा आवाज आला. कोणी सल्ला दिला की प्लगची तिसरी पिन कापा. ते कधीही करू नका, जिवाशी खेळ आहे. टीव्ही एका सॉकेटवर आणि सेट दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर होता, मधे जोडणारी वायर. दोन्ही एकाच बोर्डावर आणले, घूं गेली. वीज गेल्यावर जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र ती परत येते. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर येत नाही.

स्पीकर ठेवण्यात मुलांना मजा आली. पेन्सिल सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला की मोठा पडदा पुढे येतो की मागे जातो ते दिसते. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर खर्ज मरतो. पेट्या कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला घेतल्या. फरशी आणि स्लॅबमुळे टाळी वाजवली तरी घुमत होती. सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली. पाहुणे हसतात, हसू देत.

टेपडेकचा पट्टा नवा घातला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि पहिल्याच वेळी तारेने लॅपटॉपला जोडून ध्वनिमुद्रण सुरू ठेवले, कारण जुनी फीत दुसरी संधी देईलच असे नाही. तासाभराला साडेसहाशे एमबीच्या आसपास जागा लागते.

अब्बांना मधोमध बसवले. आधी स्टोव्हचा फरफराट, मागे कुठेतरी कोंबडा, आणि मग अम्मी मामूंना सलाम करून तुरीचा भाव सांगू लागल्या. अब्बा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “उस दिन स्टोव्ह की पिन नहीं मिल रही थी.” मग त्यांनी विचारले, दुसऱ्या बाजूला काय आहे? आम्ही कॅसेट उलटवली.