अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी : जडणघडण आणि शैली

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात अण्णा भाऊ साठे यांचा परिचय मुख्यतः 'फकिरा'चे लेखक म्हणून होतो. 1959 साली प्रसिद्ध झालेली व 1961 साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी मराठी कादंबरीच्या इतिहासात महत्त्वाची आहे, यात शंका नाही. परंतु या प्रसिद्धीमुळे त्यांची शाहिरी मात्र दुय्यम ठरली. ती चळवळीची गरज म्हणून लिहिली गेली, म्हणजे प्रचारकी आहे, असा शेरा मारून अनेकदा तिची बोळवण केली जाते. वस्तुतः अण्णा भाऊ कादंबरीकार होण्यापूर्वी शाहीर होते आणि शाहीर होण्यापूर्वी तमाशाच्या फडातील कलावंत होते. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे त्यांनी जुन्या साच्यात केवळ नवा आशय भरला नाही, तर तो साचाच काही नेमक्या ठिकाणी मोडून पुन्हा बांधला, हे स्पष्ट होते.

जडणघडण

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली, असे सर्वच चरित्रकार सांगतात. 1931च्या सुमारास हे कुटुंब पायी चालत मुंबईस गेले. तेथे हमाली, गिरणीतील काम, पडेल ते कष्ट करीत असताना दुकानांच्या पाट्या व सिनेमाची पोस्टरे वाचून ते अक्षरे शिकले.

पुढे गावी परतल्यावर चुलतबंधू बापू साठे यांच्या तमाशा फडात ते रमले. ढोलकी, तुणतुणे, हलगी यांची लय, सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी, झीलकऱ्यांनी उचलून धरलेले ध्रुपद हे सारे त्यांनी येथे आत्मसात केले. त्यांचे खरे विद्यालय हेच होय. 1942च्या आंदोलनाने सातारा जिल्हा ढवळून निघाला असता तेही त्यात ओढले गेले आणि पुन्हा मुंबईस आले. 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. अमर शेख बार्शीचे. त्यांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊंची रचना यांचा संयोग गिरणगावाने मनापासून स्वीकारला.

तमाशाच्या बांधणीतील फेरबदल

पारंपरिक तमाशाचा क्रम सर्वपरिचित आहे. प्रारंभी गण, म्हणजे गणेशवंदना. नंतर कृष्ण, पेंद्या, मावशी व गवळणी यांची गवळण. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण वंदनाचा विषय बदलला. गणपतीच्या जागी मायभूमी, हुतात्मे आणि श्रमिक आले. प्रेक्षक ज्या क्षणी सवयीने हात जोडतो, त्याच क्षणी त्याच्यापुढे नवे दैवत ठेवणे ही साधी क्लृप्ती नव्हे. गवळण त्यांनी बहुधा वगळली. तिच्यासोबत एक गोष्ट हरवलीही, हे मान्य केले पाहिजे. कृष्णाला अडवून धरणाऱ्या गवळणींच्या आणि मावशीच्या जबाबांतून स्त्रीला रंगमंचावर जी वाचाळ मोकळीक मिळत असे, तिला कलापथकाच्या लोकनाट्यात तेवढा पर्याय दिसत नाही.

सोंगाड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. वगातील राजाला खुळे प्रश्न विचारून त्याचे पितळ उघडे पाडणारे हे पात्र त्यांना हवेच होते. फक्त राजाच्या जागी सावकार, शेटजी, मंत्री येऊन बसले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, कलापथकाच्या प्रयोगांवरही बंदी आली. तमाशा हे नाव टाळून 'लोकनाट्य' ही संज्ञा रूढ झाली ती याच काळात.

पोवाड्याबाबतही असाच विचार करता येतो. जुन्या पोवाड्यास एक वीर लागतो आणि बहुधा एक आश्रयदाताही. 'स्टालिनग्राडचा पोवाडा' या रचनेत आश्रयदाता नाही आणि वीर म्हणून एक अख्खे शहर उभे राहते. रशियाचा नकाशाही न पाहिलेल्या गिरणी कामगाराला हे युद्ध आपले वाटले, कारण त्याची लय शिवकालीन लढाईच्या पोवाड्याची होती. या रचनांतील राजकीय भाबडेपणा आज जाणवतो. तो झाकण्याचे कारण नाही. रचनेची पकड मात्र त्यामुळे सैल होत नाही.

वाळव्याचे दोन शाहीर, एक मुंबई

लावणीच्या क्षेत्रातील एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866–1945), हेही वाळवा तालुक्यातीलच, रेठरे हरणाक्षचे. ब्राह्मण कुळातील कुलकर्णीपण सोडून ते तमाशात आले, स्वतःचा फड काढला आणि पवळाबाईंच्या साथीने त्यांनी मुंबई गाजवली. त्यांनीही मुंबईवर लावणी रचली. तिच्यात या नगरीच्या बांकेपणाचे, चकचकाटाचे नवल आहे. खेड्यातून आलेला डोळा तेथे दिपून गेलेला दिसतो.

अण्णा भाऊंच्या 'मुंबईची लावणी'तही शहराचे वर्णनच आहे आणि तीही स्थळांची नावे घेत पुढे सरकते. फरक पाहणाऱ्याच्या जागेत आहे. मलबार हिलच्या सुखवस्तीसमोर ते परळचा राबणारा माणूस उभा करतात आणि दोन वस्त्यांमधील अंतर हाच लावणीचा विषय होतो. बापूराव मुंबईत खेळ लावण्यास आले होते, अण्णा भाऊ हमाली करण्यास. लावणीचा घाट एकच असूनही तिचा नूर त्यामुळे पालटला. शृंगाराच्या रचनेतील नखशिखान्त वर्णनाची रीत त्यांनी शहराला लावली, आणि ते शहर सुंदर दिसेनासे झाले.

'माझी मैना' : विरहाचे राजकारण

त्यांच्या कौशल्याचा कळस 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत आढळतो. छक्कड हा लावणीच्या जवळचा, चटपटीत चालीचा प्रकार. पोटासाठी मुंबईस आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीचे रूप आठवतो, निरोपाची घटका आठवतो, तिला दिलेली दागिन्यांची आश्वासने आठवतो. येथपर्यंत ही परंपरागत विरहाची रचना आहे. मग मुंबईतील त्याचे हाल येतात आणि शेवटी, श्रोता पुरता हळवा झाला असताना, मैनेची ताटातूट ही खंडित महाराष्ट्राची ताटातूट होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे विरहिणीच्या दुःखाशेजारी येऊन बसतात.

हे रूपक वरून चिकटवलेले नाही. सातारा-सांगलीकडील हजारो घरांतील पुरुष गिरण्यांत होते आणि बायका गावी होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत बसलेल्या श्रोत्यांपैकी कितीतरी जणांची मैना खरोखरच गावावर होती. भाषिक राज्याची मागणी त्यांना घरच्या दुःखाच्या भाषेत कळली. पत्रके आणि ठराव यांना ते साधणे कठीण होते.

वर्गात ही रचना मूकपणे वाचली जाते तेव्हा तिचे निम्मे अंग गळून पडते. छापील पाठात ध्रुपद एकदा येते. प्रयोगात झीलकरी ते पुनःपुन्हा उचलतात आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा सरकतो. पहिल्यांदा मैना म्हणजे बायको, अखेरीस मैना म्हणजे मुलूख. शब्द तेच राहतात. विठ्ठल उमप यांच्यासारख्या नंतरच्या शाहिरांनी ही छक्कड गात ठेवली म्हणून हा सरकता अर्थ कानावर पडू शकतो. अध्यापनात निदान ध्वनिमुद्रणाचा आधार घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

18 जुलै 1969 रोजी गोरेगाव येथे अण्णा भाऊंचे निधन झाले. त्याच वर्षी अमर शेखही गेले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र मुंबईसह अस्तित्वात आला होता, परंतु छक्कडीतील ती चारही नावे त्याबाहेरच राहिली. बेळगाव सीमाप्रश्नी महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.