एका फुलाची अनेक नावे : भाषिक प्रवास

व्यक्तिनामे ही सांस्कृतिक देवाणघेवाणीची साधने होत. जाई, जुई व मोगरा या ‘जॅस्मिनम’ प्रजातीतील सुगंधी फुलांवरून मुलींना दिलेली नावे हे त्याचे बोलके उदाहरण आहे. फारसी ‘यासमन’ अरबीत ‘यासमीन’ झाले व फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘जॅस्मिन’ म्हणून रुजले. पूर्वेकडे संस्कृत ‘मालती’ इंडोनेशियात ‘मेलाती’ झाली. चिनी ‘मोली’ हा शब्द ‘मल्लिका’पासून आल्याचे मानले जाते, जपानी लेखिका मोरी मारी (१९०३-१९८७) यांचे ‘मारी’ हे नाव त्याच अक्षरांनी लिहितात. मराठी ‘जाई’ व ‘जुई’ अनुक्रमे ‘जाती’ व ‘यूथिका’ यांपासून सिद्ध झाल्या. महाराष्ट्रात जुई व यास्मिन ही दोन्ही नावे आढळतात. नावावरून धर्म ओळखणाऱ्या समाजाला ती परस्परांहून दूरची वाटतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांची प्रजाती एकच होय.