अर्कावतीचा ताळेबंद : पाऊस पडला, मग पाणी गेले कुठे?

बंगळुरूच्या पश्चिमेस अर्कावती व कुमुदवती या नद्यांच्या संगमाजवळ १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय बांधण्यात आला. अनेक दशके त्याने शहराची तहान भागविली. १९७५ पूर्वी तेथे दररोज सरासरी सुमारे ३८.५ कोटी लिटर पाणी येत असे. २००० नंतर ही आवक सुमारे ६.५ कोटी लिटरपर्यंत घसरली. अशा वेळी ‘पाऊस कमी झाला’ हे उत्तर सहज दिले जाते. बंगळुरूस्थित ‘एट्री’ या संस्थेतील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे उत्तर तपासून पाहिले.

जलविज्ञानीय प्रतिमान म्हणजे पाणलोट क्षेत्राचा संगणकावर मांडलेला ताळेबंद होय. जमेच्या बाजूस पाऊस असतो. खर्चाच्या बाजूस अपधाव, बाष्पोत्सर्जन आणि उपसा असतो. उरलेला फरक मातीतील ओलावा व भूजलसाठ्यात दिसतो. एक हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हे पाणी एका खात्यात वाढले, तर दुसऱ्या खात्यात तेवढेच घटले पाहिजे.

या अभ्यासात संशोधकांनी पाऊस, तापमान, भूजल उपसा, निलगिरीची लागवड व ओढ्यांवरील बांध या संभाव्य कारणांची स्वतंत्रपणे छाननी केली. पाऊस किंवा तापमानातील बदल हे मुख्य कारण ठरले नाही. भूजलाचा उपसा व निलगिरीचा विस्तार ही प्रमुख कारणे असल्याचे, तर बांधांचा वाटा तुलनेने कमी असल्याचे दिसून आले.

यात प्रतिमानांच्या वापरकर्त्यांसाठीही धडा आहे. भूजल झिरपून नदीला मिळते, असे अनेक प्रतिमाने गृहीत धरतात. कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या आणि पाण्याची पातळी नदीपात्राच्या बरीच खाली उतरली, की हा संबंध तुटतो. मग संगणक नदीत पाणी दाखवितो आणि पात्र मात्र कोरडे असते. किडींची संख्या प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ती आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचली की नाही, हे ठरविता येत नाही. तसेच विहिरींच्या नोंदींशिवाय प्रतिमानावर विसंबता येत नाही.

महाराष्ट्रातही हा विषय दूरचा नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावाच्या पाण्याच्या ताळेबंदावर भर देण्यात आला. असा ताळेबंद मांडताना विस्तार कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गावातच पर्जन्यमापकाची दररोज नोंद व्हावी. दुसरी, निवडक विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर त्याच ठिकाणी मोजावी. तिसरी, पीकनिहाय क्षेत्र व पंप चालण्याचे तास प्रत्यक्ष विचारून लिहावेत. नाला बांधात अडलेले पाणी ‘साठा’ म्हणून आणि तेच झिरपल्यावर ‘पुनर्भरण’ म्हणून पुन्हा धरू नये. दुहेरी जमा दाखविली, तर रब्बीत विहिरी ताळेबंद खोटा ठरवितात.

वरच्या गावात बांध घातला किंवा कूपनलिका खोदली, तर खालच्या गावाचा वाटा कमी होऊ शकतो. म्हणून हिशेब गावाच्या शिवेवर न थांबता संपूर्ण पाणलोटाचा असावा. रब्बीचे क्षेत्र त्या हिशेबानुसार ठरले, तरच प्रतिमानाचा शेतकऱ्यास खरा उपयोग होईल.