कुलूप कच्चे की किल्ली?

पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात, हे या सभेला सांगावयास नको. उत्सव भाद्रपदात असला तरी बोटीचा माल कित्येक महिने आधी पेट्यांत भरावा लागतो. अशाच घाईच्या दिवसांत आमच्या परिचयाच्या एका मूर्ती-कारखानदारांच्या हाती एक अहवाल पडला. इंटरनेटवर कार्डाने पैसे घेणाऱ्यांच्या सर्व्हरची दर तीन महिन्यांनी बाहेरून तपासणी होते. तीत त्यांचा सर्व्हर नापास झाला होता. शेरा एवढाच : ‘पासवर्ड-पडताळणी कच्ची’. तो निघेपर्यंत परदेशी गिऱ्हाइकांचे पैसे अडकण्याची धास्ती होती.

त्यांनी पासवर्ड बदलला. पुन्हा नापास. मग तो इतका लांब केला की त्यांचा त्यांनाच आठवेना. तरी शेरा तोच! पुष्कळांची गल्लत होते ती येथेच. तपासणाराला आपला पासवर्ड ठाऊकच नसतो. तो बाहेरून दार ठोठावतो आणि आतला पहारेकरी परवलीचा शब्द कोणत्या रीतीने विचारतो, एवढेच पाहतो. दोष किल्लीचा नव्हता, कुलपाचा होता.

पण कोणत्या कुलपाचा? हा सर्व्हर पेणकरांनी व रोह्याच्या त्यांच्या मेहुण्यांनी मिळून भाड्याने घेतलेला. मेहुण्यांचा व्यापार तांदळाचा. बिऱ्हाडे दोन, पत्ता एक. शेरा पत्त्यावर येतो, बिऱ्हाडावर नव्हे. (पासवर्ड संगणकात आला तोच मुळी सामाईक वापरामुळे. अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत १९६१ साली कोर्बाटो यांनी एकच यंत्र अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था केली, तेव्हा ज्याचे त्याचे कागद वेगळे राखण्यास तो लागला. पुढच्याच वर्षी तेथील एका संशोधकाने सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली, ती गोष्ट निराळी.)

आम्ही अहवाल पुन्हा वाचला. शेऱ्याशेजारी १४३ हा आकडा होता. सर्व्हरच्या प्रत्येक दाराला क्रमांक असतो; १४३ हे टपाल वाचण्याचे जुने दार. तेथे आधी सांकेतिक आवरण चढविले नाही, तर पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. कधी तो ‘बेस ६४’ नावाच्या लिपीत जातो. पण मोडी न येणाऱ्याला मोडी गूढ वाटते, येणारा ती सहज वाचतो, तसेच हे. ९९३ क्रमांकाच्या दारात मात्र आवरण आधी, शब्द मागून. उघड्या पद्धतीने टपाल वाचणे सोडून द्यावे, अशी शिफारस इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळाने २०१८ साली केली आहे.

जुने दार सरळ बंद करावे, तर त्यातून येणाऱ्याचे काय? म्हणून आधी सर्व्हरची नोंदवही चाळली. पेणचे टपाल सगळे ९९३ मधून जात होते. १४३ मधून येणारे खाते एकच, रोह्याचे. पेढीवरच्या जुन्या संगणकात पूर्वी कोणी बसविलेली रचना तशीच राहिली होती, आणि तिच्यावर तांदळाच्या मागण्या रोज येत होत्या. आम्ही रोह्यास गेलो, त्या संगणकात क्रमांक बदलून आवरण चालू केले, टपाल येते याची खात्री केली, आणि मगच सर्व्हरवर उघडा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. पुढच्या तपासणीत शेरा गेला.

मेहुण्यांनी विचारले, “मग इतकी वर्षे आमचा पासवर्ड कोणी वाचला असेल काय?” नोंदवहीत आत आलेल्यांची नोंद असते, वाटेत कान देऊन बसलेल्याची नसते. तेव्हा, पेणकरांनी व्यर्थ केलेले काम रोह्यात मात्र खरोखर करावे लागले. पासवर्ड बदलला.