बुरशी आणि नवे मूत्रपिंड

आमच्या रत्नागिरीत आषाढ लागला की कशालाही बुरा येतो. चपलेला, पापडाला, पोथीलासुद्धा. आपण फडक्याने पुसतो नि कामाला लागतो. हीच बुरशी. तिचे बारीक कण हवेत उडतात, श्वासाबरोबर रोज आत जातात. तरी आपल्याला काही होत नाही. अंगातला राखणदार त्यांना मारून टाकतो.

पण ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे, त्याचे तसे नाही. शरीर नव्या मूत्रपिंडाला परके समजून त्याच्यावर तुटून पडते. म्हणून रोज गोळ्या घेऊन राखणदाराला पेंगत ठेवावे लागते. गंमत पाहा, अशा औषधांतले सायक्लोस्पोरिन मिळाले तेच मुळी नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून! राखणदार पेंगला की बुरशी नाकात नाहीतर फुप्फुसात घर करते. 2021 साली करोनानंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे गेले, जीवही गेले. मधुमेह आणि स्टिरॉइडची औषधे यांनी त्यांचा राखणदार असाच दुबळा झाला होता.

तेव्हा अशा माणसाने कुजका पेंढा झाडू नये, शेणखत उपसू नये. ते घरच्या दुसऱ्याने करावे. ताप आला, खोकला हटेना, नाकातून काळपट येऊ लागले, तर काढे करीत बसू नये. बुरशीची गोळी दुकानातून आणू नये. काही गोळ्यांनी रोजच्या औषधाचे रक्तातले प्रमाण भलतेच वाढते. रोजच्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर नवे असतील तर आधी सांगावे, "माझे मूत्रपिंड बदललेले आहे."